कृत्रिम पावसाचा हिशेब

मोरबे धरणामुळे नवी मुंबई पाण्याच्या बाबतीत शेजारच्या शहरांपेक्षा निश्चिंत मानली जाते. खालापूर तालुक्यात धावरी नदीवर बांधलेले हे धरण महापालिकेने 2002 मध्ये महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून विकत घेतले. पण जुलै उजाडूनही धरणे भरली नाहीत की ही निश्चिंती विरते, आणि महामुंबईत कुठे ना कुठे कृत्रिम पावसाचा विषय निघतो. 2009 मध्ये मुंबई महापालिकेने मोडकसागर आणि तानसा परिसरात हा प्रयोग करूनही पाहिला. हे तंत्र खरे की खोटे, यावरच आपल्याकडे वाद होतो. त्याचा महाराष्ट्रातला इतिहास पाहिला तर प्रश्न वेगळाच दिसतो. तंत्र पूर्ण खोटे नाही, पण आपण ते नेहमी चुकीच्या वर्षी आणि मोजमापाची तयारी न ठेवता विकत घेतले.

या इतिहासाची सुरुवात मोरबेच्या शेजारीच होते. 1915 पासून टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र घाटमाथ्यावरच्या तलावांतल्या पाण्यावर चालत होते. म्हणजे सह्याद्रीवर अडणाऱ्या ढगांत टाटांचा थेट व्यापारी हितसंबंध होता. 1946 मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट शेफरने कोरड्या बर्फाने ढगात हिमकण तयार करून दाखवले आणि पाठोपाठ बर्नार्ड व्हॉनेगटने सिल्व्हर आयोडाइडनेही तेच साधते हे ओळखले. त्यानंतर पाचच वर्षांत, 1951 मध्ये, टाटांनी पश्चिम घाटात जमिनीवरच्या यंत्रांतून सिल्व्हर आयोडाइडचा धूर ढगांत सोडला. देशातल्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक. घाटावर आधीच धो धो पाऊस पडतो, त्यात या धुराने किती भर घातली हे कसे ओळखायचे, ही अडचण तेव्हापासूनची आहे.

ती सोडवण्याचा खरा चिकाटीचा प्रयत्न झाला बारामतीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने 1973 ते 1986 या काळात अकरा पावसाळे तिथे प्रयोग केला. पर्जन्यछायेतले ते ढग उबदार, त्यामुळे सिल्व्हर आयोडाइडऐवजी बारीक दळलेले मीठ शंखजिऱ्यात मिसळून विमानातून सोडले जाई. मिठाच्या मोठ्या कणांभोवती थेंब लवकर वाढतात. पण मिठापेक्षा महत्त्वाची होती शिस्त. प्रदेशाचे दोन भाग पाडून कोणत्या दिवशी कुठे फवारायचे हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले जाई, आणि न फवारलेला भाग तुलनेसाठी राही. निष्कर्ष निघाला तो सुमारे 24 टक्के वाढीचा. हा आकडा नंतर मंत्र्यांपासून कंपन्यांपर्यंत सगळ्यांनी वापरला. त्याच प्रयोगाचा दुसरा निष्कर्ष मात्र क्वचितच कोणी सांगतो: वाढ झाली ती किमान एक किलोमीटर जाडीच्या, भरपूर पाणी असलेल्या ढगांत, आणि पातळ ढगांत फवारणीनंतर पाऊस उलट घटला. दुष्काळी वर्षी आकाशात असतात ते बहुधा पातळच ढग.

तरीही सरकारे या तंत्राकडे वळली ती दुष्काळातच. 2003 मध्ये राज्याने परदेशी कंपनीची विमाने आणली. 2015 मध्ये औरंगाबादला रडार बसवून पुन्हा प्रयोग झाला आणि 2019 मध्ये मंत्रिमंडळाने 30 कोटी रुपये मंजूर केले. त्याच ऑगस्टात सांगली-कोल्हापूर पुरात बुडाले होते आणि मराठवाड्यावर विमाने ढग शोधत होती. या मोहिमा मदतकार्य म्हणून आखलेल्या असल्याने दिसेल तो योग्य ढग फवारायचा असे. तुलनेला काही उरत नसे, आणि पडलेल्या पावसातला आपला वाटा कोणता हे कोणालाच ठामपणे सांगता येत नसे.

यावर कोणी म्हणेल की अलीकडचे पुरावे अधिक भक्कम आहेत. ते खरेच आहे. त्याच पुण्याच्या संस्थेने 2018 आणि 2019 मध्ये सोलापूरला 276 ढगांवर काटेकोर प्रयोग केला. सुमारे 100 चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी 18 टक्के आणि काही ठिकाणी 46 टक्क्यांपर्यंत वाढ आढळली. पाण्याचा खर्च लिटरला 18 पैसे निघाला. हा आकडा स्वस्त वाटतो, पण हजार लिटरला तो 180 रुपये होतो. शिवाय हे पाणी शिवारात पडते, नळात नाही. सोलापूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला ऐन फुलोऱ्यात मिळालेली एक सर या भावातही परवडेल. मोरबेच्या पाणलोटाचे तसे नाही. तिथे पाऊस मुळातच भरपूर पडतो, तूट असते ती साठवणीची आणि वेळेची, आणि ढग फवारून साठवण वाढत नाही.

ढग फवारून गारपीट रोखण्याच्या बाबतीत तर पुरावा आणखी विरळ आहे. फेब्रुवारी-मार्च 2014 मध्ये मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्रात गारांनी द्राक्षे, गहू, कांदा झोडपला. असे घडले की वाशीच्या घाऊक बाजारातली आवकही मार खाते, म्हणजे नवी मुंबईला गारपीट न होताही भोगावी लागते. ढगात भरमसाट बीजकण सोडले की पाणी त्यांच्यात वाटले जाऊन गारा लहानच राहतात, हा यामागचा तर्क. तो पटण्याजोगा आहे, पण स्वित्झर्लंडमध्ये 1977 ते 1981 या काळात ढगात असे बीजकण सोडणाऱ्या सोव्हिएत रॉकेटांची काटेकोर परीक्षा झाली तेव्हा ठोस परिणाम आढळला नाही. 1896 मध्ये ऑस्ट्रियात निघालेली आणि आता हिमाचलच्या सफरचंदबागांत पोहोचलेली गारविरोधी तोफ त्याहून कमी भरवशाची. कॅनडातल्या अल्बर्टात 1996 पासून विमाने गारांच्या ढगांत फिरतात, पण विमा कंपन्यांच्या पैशाने आणि शहरांतली घरे, मोटारी वाचवण्यासाठी. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराने बागेवर घातलेल्या आच्छादनाचा उपयोग निदान डोळ्यांना दिसतो.

म्हणून ढगांवरचे संशोधन पर्जन्यछायेत, चांगल्या पावसाच्या वर्षीही, चालू राहावे आणि त्याला पैसा मिळावा. नवी मुंबईने मात्र तो खर्च जमिनीवर करावा. कोपरखैरणे आणि ऐरोलीत सांडपाणी शुद्ध करून रोज प्रत्येकी दोन कोटी लिटर पाणी उद्योगांना देण्याची क्षमता महापालिकेने उभारली आहे, आणि त्या पाण्यासाठी ढगाची वाट पाहावी लागत नाही.