बल्गेरियाचे ‘आपले’ ज्यू

आजचा भाग छोटासाच आहे. आणि सुरुवातीला मला माझीच एक चूक दुरुस्त करायचीय. मागे एका भागात बोलण्याच्या ओघात मी म्हणून गेलो होतो, ‘दुसऱ्या महायुद्धात बल्गेरियाने आपल्या ज्यूंना वाचवलं.’ वाक्य तसं खोटं नाही. पण त्यातल्या ‘आपल्या’ या शब्दाखाली अकरा हजारांहून जास्त माणसं गाडली गेलीत.

म्हणजे काय झालं, बघा. बल्गेरिया तेव्हा जर्मनीच्या गोटात होता. १९४१ च्या जानेवारीतच तिथे ज्यूंचे हक्क काढून घेणारा कायदा आला. त्याच वर्षी जर्मनीने युगोस्लाव्हिया आणि ग्रीस जिंकले, आणि मॅसिडोनिया व थ्रेसचा बराच मुलूख बल्गेरियाच्या ताब्यात आला. पुढच्या वर्षी तिथल्या बहुतेकांना नागरिकत्व मिळालं. ज्यूंना मात्र वगळलं.

२२ फेब्रुवारी १९४३. ज्यूंविषयक खात्याचे प्रमुख अलेक्झांडर बेलेव्ह आणि नाझी अधिकारी थिओडोर डॅनेकर यांनी करार केला. २०,००० ज्यू जर्मनीच्या हवाली करायचे! करारात आधी लिहिलं होतं की हे लोक थ्रेस आणि मॅसिडोनियातले असतील. पण तिथे बारा हजारसुद्धा ज्यू नव्हते. मग ते शब्द चक्क पेनाने खोडले. उरलेला आकडा आता जुन्या बल्गेरियातून भरायचा होता.

क्युस्तेंदिल गावात ही बातमी फुटली. तिथली काही माणसं राजधानी सोफियात आपल्या खासदाराकडे धावली. हे खासदार म्हणजे दिमितर पेशेव्ह, संसदेचे उपाध्यक्ष. गंमत म्हणा किंवा दुर्दैव, पण त्या ज्यूविरोधी कायद्याला याच पेशेव्हांचा पाठिंबा होता. आता मात्र ९ मार्चला त्यांनी थेट गृहमंत्र्यांना गाठलं. जुन्या बल्गेरियातली धरपकड थांबली. १७ मार्चला त्यांनी पंतप्रधानांना निषेधाचं पत्र दिलं, त्यावर ४३ खासदारांच्या सह्या होत्या. त्यापायी पेशेव्हांचं पद गेलं. चर्चचे मोठे धर्मगुरूही सरकारच्या विरोधात उभे राहिले. पुढे ज्यूंना सोफियातून हाकललं, पुरुषांना सक्तीच्या मजुरीला जुंपलं, पण सुमारे ४८,००० जीव वाचले.

आणि थ्रेस, मॅसिडोनिया? थ्रेसमध्ये ४ मार्चच्या पहाटेच बल्गेरियन पोलिसांनी दारं ठोठावली होती. ११ मार्चला मॅसिडोनियातल्या ज्यूंना पकडून स्कोप्येच्या तंबाखूच्या गोदामात कोंडलं. म्हणजे पेशेव्ह गृहमंत्र्यांना भेटले, त्यानंतर दोनच दिवसांनी! ताब्यातल्या मुलखातून ११,३४३ माणसं त्रेब्लिंकाच्या छळछावणीकडे पाठवली गेली. जवळजवळ कुणीच परत आलं नाही.

सरकार तेच, पोलिस तेच, महिनाही तोच. क्युस्तेंदिलच्या ज्यूंकडे नागरिकत्व होतं, त्यांच्यासाठी धावणारे शेजारी होते, ऐकणारा खासदार होता. स्कोप्येच्या ज्यूंचं नागरिकत्व आदल्या वर्षीच एका कागदावर नाकारलेलं होतं. तेव्हा सोफियात फारसा कुणी आवाज केला नव्हता.

पेशेव्हांचं धाडस मला आजही तितकंच मोठं वाटतं. फक्त यापुढे ती गोष्ट सांगताना मी हा आकडाही सांगणार आहे. ११,३४३.

भेटू पुढच्या भागात.