फूल : अर्पण, आनंद आणि अहिंसा

मानवी जीवनात फुलाइतके अल्पायुषी आणि तरीही इतके अर्थपूर्ण दुसरे काही क्वचितच आढळेल. बारशापासून अंत्ययात्रेपर्यंत माणसाच्या प्रत्येक प्रसंगी ते सोबत असते. जैन परंपरेत मात्र फुलाकडे पाहताना आनंदाबरोबर एक प्रश्नही उभा राहतो. वनस्पती हा एकेंद्रिय जीव आहे. मग जीवदयेचे व्रत घेतलेल्याने फूल तोडावे काय? या प्रश्नाला पूर्वसूरींनी दिलेली उत्तरे आणि मुंबईच्या उपनगरांत फुलांनी केलेला प्रवास, हे दोन्ही जाणून घेण्यासारखे आहेत.

जैन वाङ्मयात फुलाला फार प्राचीन काळापासून मानाचे स्थान आहे. श्वेतांबर परंपरेनुसार माता त्रिशलेने पाहिलेल्या चौदा स्वप्नांत पाचवे स्वप्न पुष्पमालेचे, तर दहावे पद्मसरोवराचे आहे. सहावे तीर्थंकर पद्मप्रभ यांचे लांछन रक्तकमल, तर एकविसावे तीर्थंकर नमिनाथ यांचे नीलकमल. नववे तीर्थंकर सुविधिनाथ यांचे दुसरे नावच पुष्पदंत. तीर्थंकरांच्या अष्टप्रातिहार्यांत देवांनी केलेल्या पुष्पवृष्टीचा समावेश आहे. विमलसूरींनी प्राकृतात रचलेल्या ‘पउमचरिय’ या ग्रंथात तर श्रीरामाचे नाव ‘पउम’, म्हणजे पद्म, असे आहे. निर्लेपता, शुचिता आणि प्रसन्नता हे सारे अर्थ कमळाच्या एका रूपात सामावले आहेत.

परंतु फुलाचा सर्वांत सूक्ष्म विचार दशवैकालिक सूत्रात आला आहे. आचार्य शय्यंभव यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या या सूत्राच्या पहिल्या अध्ययनाचे नाव ‘द्रुमपुष्पिका’. भ्रमर फुलातील रस घेतो, स्वतः तृप्त होतो, पण फुलाला पीडा देत नाही. साधूने गृहस्थाच्या घरून भिक्षा घ्यावी ती अशी, हा त्यातील आशय. जैन साधूंच्या ‘गोचरी’मागे जो विचार आहे, तोच महाराष्ट्रात घरोघर ठाऊक असलेल्या ‘माधुकरी’ या शब्दातही आहे. मधुकर म्हणजे भुंगा. घ्यावे, पण देणाऱ्याला रिते करू नये, ही शिकवण दोन्ही शब्दांनी जपली.

पूजेच्या बाबतीत परंपरेत एकवाक्यता नव्हती, आणि हा मतभेद प्रामाणिक होता. श्वेतांबर मूर्तिपूजकांच्या अष्टप्रकारी पूजेत जल व चंदनानंतर तिसरी पूजा पुष्पाची. राजा कुमारपाळाने पूर्वजन्मी पाच कवड्यांची अठरा फुले प्रभूला अर्पण केली आणि त्या पुण्याने त्याला अठरा देशांचे राज्य लाभले, ही कथा आजही श्रद्धेने सांगितली जाते. पंधराव्या शतकात लोंकाशाहांनी मूर्तिपूजेवरच आक्षेप घेतला; पूजेतील आरंभ-समारंभात होणारी हिंसा हा त्यांच्या अनुयायांचा महत्त्वाचा मुद्दा होता. पुढे स्थानकवासी परंपरा उदयास आली आणि तिने भावपूजाच श्रेष्ठ मानली. दिगंबरांमध्ये बीसपंथी सचित्त फुले अर्पण करतात, तर सतराव्या शतकात उत्तर भारतात प्रबळ झालेल्या तेरापंथाने फुलांच्या जागी केशराने रंगविलेले तांदूळ स्वीकारले.

मार्ग भिन्न असले तरी चिंता एकच होती : फुलाला होणारी इजा कमीत कमी कशी होईल? म्हणूनच पुष्पपूजेतही मर्यादा घातल्या गेल्या. कळ्या खुडू नयेत, पाकळ्या तोडू नयेत, सुईने फूल विंधू नये, झाडाखाली स्वच्छ वस्त्र पसरून आपोआप गळलेली फुले घेता आली तर उत्तम. पहाटे स्वतःहून ओघळणारा प्राजक्त जणू या नियमासाठीच फुलतो. गुंफलेली माळ ही ओवलेल्या माळेपेक्षा पवित्र का, याचे उत्तर या विचारात आहे.

आता उपनगरांकडे वळू. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईत बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली आणि वसईच्या वाड्या महानगराशी जोडल्या गेल्या. वसईचा मोगरा, सोनचाफा, तगर आणि जास्वंद आजही पहाटेच्या गाड्यांतून दादरला उतरतात. पश्चिम आणि मध्य या दोन्ही मार्गांचा संगम दादरला असल्याने तेथील फूलबाजारातून अंधेरी-बोरिवलीप्रमाणेच घाटकोपर-मुलुंडलाही फुले जातात. अलीकडे जव्हार-विक्रमगड भागातील आदिवासी शेतकऱ्यांनीही मोगऱ्याची लागवड करून उपजीविकेचा आधार मिळविला आहे. पर्युषणात प्रभूची आंगी रचली जाते, तेव्हा तिच्यामागे अनेक अनाम हातांचे रात्रीचे जागरण असते, याचे स्मरण ठेवावयास हवे.

येथे इतिहासाची एक गंमतही नोंदविण्याजोगी आहे. ज्याच्या तोरणावाचून दसरा सुना वाटतो तो झेंडू आणि सत्काराच्या हारातील निशिगंध ही मुळात मेक्सिकोकडील फुले. समुद्रापलीकडून आलेले हे पाहुणे काही शतकांत इतके आपले झाले की त्यांचे परकेपण कोणाच्या ध्यानीही येत नाही. दूरदूरच्या प्रांतांतून येऊन उपनगरांत स्थिरावलेल्या कुटुंबांना ही गोष्ट विशेष जवळची वाटेल.

फुलाचा आनंद घेण्यासाठी ते तोडावेच लागते असेही नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आठ वर्षांतून एकदा कारवी फुलते. २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये डोंगरउतार जांभळे झाले, ते कोणाच्याही अर्पणासाठी नव्हे. खिडकीतील कुंडीत उमललेले जास्वंद दुसऱ्या दिवसापर्यंत तसेच राहू देणे, हीदेखील एक पूजाच आहे. ज्यांच्या परंपरेत पुष्पपूजा आहे त्यांनी मोजकी, ताजी फुले आदराने वाहावीत आणि निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीतून खाडीत न सोडता मातीला परत द्यावे. ज्यांच्या परंपरेत ती नाही त्यांनी फुलातील प्रसन्नता मनात धारण करावी.

भ्रमराने शिकविलेला पाठ दोघांनाही सारखाच आहे. जगातून आपल्या वाट्याचे घ्यावे, पण ज्याच्याकडून घेतले त्याचा गंध कायम ठेवावा. मंदिर असो, स्थानक असो वा घराचा उंबरठा, फूल तेथे सुगंधाबरोबर ही जाणीवही घेऊन येवो.