वीस डॉलरची रायफल

गेल्या हिवाळ्यात मी एक स्प्रेडशीट केली. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं असंच असतं, भीती वाटली तरी आधी स्प्रेडशीट. नाव दिलं ‘पहिली’. बजेट ६०० डॉलर. रकाने : किंमत, वजन, काडतुसांचा भाव, धक्का किती बसतो, बिघडण्याची शक्यता किती.

त्याच्या चार दिवस आधी, डॅलसमधल्या आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये मी डिकीतून किराणा काढत होतो. मागे एक पिकअप येऊन थांबला. आत दोघं. “आपल्या देशात चालता हो” आणि पुढे बरंच काही. एकाचा हात सारखा कमरेपाशी जात होता. तिथे काय होतं ते मला दिसलं नाही. दोन मिनिटांत ते निघून गेले. पोलीस आले, चांगले बोलले, रिपोर्टचा नंबर देऊन गेले. आईला मी यातलं काहीच सांगितलं नाही.

मी इंजिनिअरिंगला असताना, फेब्रुवारी २०१७ मध्ये, कॅन्ससमधल्या ओलेथे गावात श्रीनिवास कुचिभोटला या हैदराबादच्या इंजिनिअरला एका बारमध्ये गोळ्या घालून मारलं होतं. तेव्हा होस्टेलवर रात्रभर चर्चा झाली होती, अमेरिकेला जावं की नाही. मी गेलो. आता रात्री तीन वाजता छताकडे बघत पडल्यावर तीच बातमी आठवत होती.

माझा रूममेट लातूरचा. तो म्हणाला, “घे रे एक. इथं सगळ्यांकडं असते.” ज्याने आयुष्यात बंदूक पाहिली ती बँकेच्या दारातल्या वॉचमनच्या खांद्यावर, तो मी, चौदा मॉडेलं लिहून बसलो. मग कळलं की माझ्यासारख्या, तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या माणसाला इथला संघराज्याचा कायदा बंदूक बाळगू देत नाही. थोडे अपवाद आहेत. त्यातला माझ्या आवाक्यातला एकच : शिकारीचं लायसन्स. म्हणजे जीव वाचवायला रायफल हवी असेल तर मी आधी शिकारी व्हायचं! रूममेट पोट धरून हसला.

मी मात्र वाचत राहिलो. ‘कमी पैशांत पहिली रायफल’ हा प्रश्न माझ्याआधी कुणाकुणाला पडला असेल, या शोधात १९६० च्या दशकातल्या अमेरिकेच्या दक्षिण भागात जाऊन पोहोचलो. तिथे हा प्रश्न माझ्यापेक्षा फार खडतर होता.

*

स्वस्त रायफल म्हणजे बहुतेक वेळा संपलेल्या युद्धाचा उरलेला माल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने एम-१ कार्बाइन नावाची एक छोटी रायफल बनवली, साठ लाखांहून जास्त. ती आघाडीवरच्या सैनिकासाठी नव्हतीच. ट्रक चालवणारे, कारकून, तोफेवरची माणसं, म्हणजे ज्यांचं मुख्य काम गोळ्या झाडणं नाही अशांसाठी होती. पायदळाची गॅरंड रायफल सव्वाचार किलोंच्या पुढे. कार्बाइन अडीच किलोंच्या आत, धक्का कमी, मॅगझिनमध्ये पंधरा गोळ्या. इतक्या बंदुका बंदुकांच्या कारखान्यांत होणं शक्य नव्हतं, म्हणून कंत्राटं मिळेल त्याला दिली. टाइपरायटरवाली अंडरवुड, ज्यूकबॉक्सवाली रॉक-ओला, आणि चक्क आयबीएम! माझा अर्धा वर्ग जिच्या मुलाखतीला बसला होता, तिनेही सुमारे साडेतीन लाख कार्बाइन बनवल्या आहेत.

युद्ध संपल्यावर हा ढीग हळूहळू लोकांत आला. नागरिकांना नेमबाजी शिकवण्यासाठी लष्कराचं एक खातं होतं. १९६३ च्या सुमाराला त्या खात्याकडून नॅशनल रायफल असोसिएशनच्या सभासदांना कार्बाइन वीस डॉलरच्या आसपास मिळायची. त्या सप्टेंबरपासून किमान वेतन तासाला सव्वा डॉलर होतं. म्हणजे सोळा तासांची मजुरी, दोन पाळ्या.

पण त्या दोन पाळ्या कोण करत होतं आणि रायफल कशासाठी हवी होती, हे पाहिल्यावर माझी स्प्रेडशीट मलाच पोरकट वाटायला लागली.

*

नॉर्थ कॅरोलायनातलं मन्रो गाव, १९५७. रॉबर्ट विल्यम्स हा मरीन दलात राहून आलेला कृष्णवर्णीय माणूस तिथल्या एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेच्या शाखेचा अध्यक्ष होता. उपाध्यक्ष डॉ. अल्बर्ट पेरी. कू क्लक्स क्लॅनच्या लोकांनी पेरींना लक्ष्य केलं होतं. मोटारींचा ताफा घेऊन वस्तीतून फिरायचं, गोळ्या झाडायच्या, हा त्यांचा खाक्या. विल्यम्सने काय केलं? नॅशनल रायफल असोसिएशनकडून रीतसर मान्यता घेऊन एक रायफल क्लब काढला. ऑक्टोबरमध्ये ताफा पेरींच्या घरावर चालून आला, तेव्हा वाळूच्या पोत्यांआडून उत्तर मिळालं. ताफा पळाला. त्यानंतर नगरपालिकेने परवान्याशिवाय असे ताफे काढायला बंदी घातली. इतके दिवस ती सुचली नव्हती.

सात वर्षांनी, १९६४ मध्ये, लुईझियानातल्या जोन्सबरो गावात हाच प्रकार घडला. क्लॅनचा ताफा कृष्णवर्णीयांच्या वस्तीतून फिरला आणि त्याच्या पुढे पोलिसांची गाडी होती. पोलिसांना फोन करायचा तर कुठल्या पोलिसांना? तिथल्या काही माणसांनी रात्रीची गस्त सुरू केली. पुढे त्यांची रीतसर संघटना झाली, ‘डीकन्स फॉर डिफेन्स अँड जस्टिस’. डीकन म्हणजे चर्चमधला सेवेकरी. पुढच्या मार्चमध्ये तिथल्या शाळेतली मुलं निदर्शनं करत होती आणि त्यांच्यावर पाण्याचे फवारे मारायला अग्निशमन दलाचा बंब आणला होता. चार डीकन गाडीतून आले आणि सगळ्यांसमोर शॉटगनमध्ये काडतुसं भरायला लागले. बंब परत गेला. गोळी एकही सुटली नाही.

*

मी सगळ्यात जास्त थांबलो ते बोगालुसाच्या एका रात्रीपाशी.

बोगालुसा न्यू ऑर्लिन्सच्या उत्तरेला, गाडीने दीडेक तासावर. कागद गिरणीचं गाव. रॉबर्ट हिक्स त्याच गिरणीत कामगार. १ फेब्रुवारी १९६५ च्या रात्री ‘कोअर’ या नागरी हक्क संघटनेचे दोन गोरे कार्यकर्ते त्यांच्याकडे मुक्कामाला होते. पोलीसप्रमुख स्वतः दारात आला आणि म्हणाला, जमाव जमतोय, या दोघांना गावाबाहेर काढा. त्यांना संरक्षण द्यायला मात्र तो तयार नव्हता.

हिक्स आणि त्यांची बायको व्हॅलेरिया यांनी पाहुण्यांना बाहेर काढलं नाही. त्यांनी फोन उचलला. एकेका ओळखीच्या घरी फोन गेला. मुलांना दुसरीकडे हलवलं. थोड्या वेळात घर माणसांनी भरलं, प्रत्येकाच्या हातात घरात होतं ते. जमाव आलाच नाही. त्याच महिन्यात बोगालुसात डीकन्सची शाखा निघाली.

या लोकांनी आपली पहिली रायफल कशी निवडली असेल, असा मी माझ्या परीने विचार करून पाहिला. त्यांच्याकडे शिकारीच्या शॉटगन होत्या, रिव्हॉल्व्हर होती, एम-१ कार्बाइनही होत्या. त्यांच्यातले बरेच जण दुसऱ्या महायुद्धात नाहीतर कोरियात लढून आलेले. म्हणजे कार्बाइन उघडायची कशी, साफ करायची कशी, अडकली तर काय करायचं, हे त्यांना सरकारी खर्चाने आधीच शिकवलेलं. माझ्या शीटमध्ये ‘शिक्षण’ असा रकानाच नव्हता. वजनाचा होता. दिवसभर गिरणीत राबून रात्री ओसरीवर जागणाऱ्यासाठी वजन म्हणजे काय, ते मला कळलं नव्हतं.

पण त्यांच्या बजेटमध्ये रायफल ही एकच बाब होती. वॉकी-टॉकी घेतले होते, गस्तीच्या पाळ्या लावल्या होत्या, सभासद वर्गणी देत होते. बाहेरून येणाऱ्या कार्यकर्त्यांच्या गाडीला सोबत जाण्याचं कामही वाटून घेतलेलं होतं. हे सगळं काढून घेतलं तर उरते ती खिडकीत एकटा बसलेला एक घाबरलेला माणूस आणि त्याची वीस डॉलरची रायफल. म्हणजे साधारण मी.

*

इथे थांबलो असतो तर ही गोष्ट सिनेमासारखी छान झाली असती. तशी ती नाही.

जून १९६५ मध्ये त्याच भागात ओनील मूर या कृष्णवर्णीय डेप्युटी शेरीफला चालत्या गाडीतून गोळ्या घालून मारलं. तो तर सरकारचाच सशस्त्र माणूस होता. त्या खुनासाठी आजवर कुणाला शिक्षा झालेली नाही. जुलैमध्ये एका मोर्चावर जमाव चालून आला, तेव्हा हेन्री ऑस्टिन या डीकनने एका गोऱ्या माणसावर गोळ्या झाडल्या. तो माणूस जगला. न जगता तर गावात त्या संध्याकाळी काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही. मग केंद्र सरकार न्यायालयात गेलं. पोलिसांना संरक्षण देण्याचा आदेश झाला आणि वर्षाअखेर क्लॅनवरही मनाई हुकूम आला. डीकन्सच्या रायफलींनी गाव बदललं नाही. कायदा गावात पोहोचेपर्यंत माणसं जिवंत ठेवली. हे काम लहान नाही, पण ते तेवढंच आहे.

आणि वीस डॉलरची दुसरी गोष्टही त्याच वर्षातली आहे. मार्च १९६३ मध्ये शिकागोच्या एका दुकानाकडे खोट्या नावाने पोस्टाने ऑर्डर आली. जुनी इटालियन कार्कानो रायफल, दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंट, वर दीड डॉलर टपालखर्च. मागवणारा होता ली हार्वी ऑस्वाल्ड. मी राहतो त्याच शहरात, २२ नोव्हेंबरला, तिच्यातून सुटलेल्या गोळ्यांनी अध्यक्ष केनेडींचा जीव घेतला. वीस डॉलर कुणाच्या खिशातले आहेत हे रायफलीला कळत नाही.

१९६८ च्या कायद्याने पोस्टाने राज्याबाहेरून बंदूक मागवणं बंद झालं आणि जुन्या लष्करी बंदुकांची आयातही. त्याच्या आदल्याच वर्षी कॅलिफोर्नियाने भरलेली बंदूक उघडपणे घेऊन फिरायला बंदी घातली होती. ब्लॅक पँथर पक्षाचे लोक बंदुका घेऊन पोलिसांवर पहारा ठेवायला लागले, तेव्हा ती सुचली. सही रोनाल्ड रेगन यांची. आयातीचे दरवाजे ऐंशीच्या दशकात पुन्हा किलकिले झाले, चिनी आणि रशियन जुना माल आला आणि गेला. पण ते सगळं बाजारभावाचं पुराण आहे.

*

शिकारीचं लायसन्स मी अजून काढलेलं नाही. कधीच काढणार नाही, असंही म्हणत नाही. हिक्स यांच्या ओसरीवर जे बसले होते त्यांना ‘हिंसा वाईट’ असं सांगायची माझी लायकी नाही.

स्प्रेडशीट अजून आहे. शेवटी एक रकाना वाढवला : ‘फोन केला तर कोण येईल?’ पहिल्या दिवशी त्यात एकच नाव होतं, रूममेटचं, आणि तो रात्री फोन सायलेंटवर ठेवतो. त्या रविवारी आम्ही खालच्या मजल्यावरच्या मेक्सिकन आजींकडे पोहे घेऊन गेलो. त्यांचा नातू म्हणाला, तो पिकअप त्यांनीही दोनदा पाहिलाय, आणि नंबर त्याने लिहून ठेवलाय. समोरचे निवृत्त पोस्टमन रात्री उशिरापर्यंत जागेच असतात. त्यांनी स्वतःहून नंबर दिला.

आता त्या रकान्यात सहा नावं आहेत. परवा रात्री साडेअकराला पार्किंगमध्ये गाडी लावली, तर समोरच्या गॅलरीतला दिवा लागला. पोस्टमनकाकांनी हात केला. मीही केला आणि किराणा घेऊन वर आलो.