ओढा, ठेवा, जोडा

दृश्य पद्धतीनं वेब ॲप बांधायचं कोणतंही टूल उघडा. एका कडेला बटणं, रकाने, तक्ते, याद्या अशी सामग्री मांडलेली असते आणि मध्ये कोरं पान. हवी ती वस्तू माऊसनं ओढायची आणि पानावर ठेवायची. या दोन कृतींचं इतकं कौतुक झालं की तिसरी मागे पडली. ठेवलेलं बटण कशाला तरी जोडावं लागतं, नाहीतर ते नुसतं चित्रच. या साधनांचं कूळ धुंडाळताना मला वारंवार जाणवतं, की त्यांची खरी परीक्षा याच तिसऱ्या कृतीत झाली आहे.

सुरुवात फ्रान्समध्ये होते. ज्याँ-मारी युलो हे इन्रिया या सरकारी संशोधन संस्थेतले संगणकतज्ज्ञ. त्या काळी मॅकिंटॉशवर एक खिडकी आणि चार बटणं उभी करायची म्हणजे प्रत्येकाची जागा, रुंदी, उंची आकड्यांत लिहायची, प्रोग्राम चालवायचा, बटण तिरपं गेलं की पुन्हा आकडे बदलायचे. युलोंनी लिस्प भाषेत असं साधन बनवलं, की ही मांडणी थेट पडद्यावर हातानं करता यावी. १९८६ मध्ये ते ‘इंटरफेस बिल्डर’ म्हणून बाजारात आलं. पुढे युलो स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीत गेले आणि नेक्स्टच्या संगणकासोबत हे साधन नव्या रूपात लोकांच्या हाती पडलं.

त्यातली जोडणी कशी होती हे नीट पाहण्यासारखं आहे. कंट्रोलची कळ दाबून ठेवायची आणि बटणापासून माऊस ओढत न्यायचा. पडद्यावर एक रेघ उमटायची. ती ज्या वस्तूवर सोडली, त्या वस्तूला काय काय करता येतं याची यादी समोर यायची. त्यातलं एक निवडलं की काम झालं: हे बटण दाबलं, की ती वस्तू ते काम करणार. हे सगळं साठवताना कोडच्या ओळी तयार होत नसत. मांडलेल्या वस्तू आणि त्यांच्यातल्या जोडण्या जशाच्या तशा गोठवून एका फाइलमध्ये ठेवल्या जात आणि प्रोग्राम सुरू झाला की त्या पुन्हा जिवंत होत. मला यात युलोंची खरी प्रतिभा दिसते. बटण रेखाटणं त्या मानानं सोपं होतं. बटण आणि काम यांच्यातलं नातं डोळ्यांना दिसेल असं करणं अवघड होतं.

याच नेक्स्ट संगणकावर, याच साधनाचा हात धरून, टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरच्या महिन्यांत जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये जगातला पहिला वेब ब्राउझर लिहिला. नेक्स्टमुळे काम काही महिन्यांत आटोपलं, एरवी खूप जास्त वेळ गेला असता, असं त्यांनीच नंतर नोंदवलं आहे. म्हणजे वेबसाठी दृश्य साधनं यायच्या आधीच वेब स्वतः एका दृश्य साधनातून जन्मलं होतं. शिवाय त्या ब्राउझरमध्ये लिहिताही येत होतं. मजकूर निवडायचा, मेनूतून दुवा जोडायचा, झालं. टॅग हातानं लिहिण्याची गरजच नव्हती. १९९३ मध्ये मोझॅक हा ब्राउझर आला, घराघरांत पोहोचला, पण तो केवळ वाचण्यापुरता होता. लिहिणं आणि वाचणं तिथे वेगळं झालं आणि पानं बनवायला वेगळी साधनं लागू लागली.

तिकडे विंडोजच्या घरात दुसरी शाखा वाढत होती. ॲलन कूपर यांनी ‘ट्रायपॉड’ नावाचा नमुना तयार केला आणि १९८८ मध्ये तो बिल गेट्स यांना दाखवला. मायक्रोसॉफ्टनं तो विकत घेतला. कूपर यांच्या डोक्यात वापरणाऱ्यानं आपला पडदा आपणच रचावा असं काहीतरी होतं, मायक्रोसॉफ्टनं त्याला बेसिक भाषा जोडली आणि मे १९९१ मध्ये अटलांटा इथे व्हिज्युअल बेसिक जाहीर झालं. इथे जोडणीची तऱ्हा निराळी. फॉर्मवरच्या बटणावर डबल क्लिक केलं की कोडची खिडकी उघडायची. ‘कमांड वन क्लिक’ या नावाचं रिकामं घर तयार, पहिली आणि शेवटची ओळ आधीच लिहिलेली, मधली जागा आपली. आपल्याकडच्या कॉलेजांत एका पिढीनं लायब्ररी, औषधाचं दुकान, पगारपत्रक असले प्रोजेक्ट याच रिकाम्या घरात बसून केले. प्रोग्रामिंग आपल्यालाही जमेल हा विश्वास त्या डबल क्लिकनं अनेकांना दिला. त्याचं मोल मी फार मोठं मानतो.

मग या सगळ्यांना वेबवर जायचं होतं आणि तिथे जोडणीच तुटली. टेबलावरच्या संगणकात बटण आणि त्याचं काम एकाच प्रोग्रामच्या पोटात असतं. वेबवर बटण वाचकाच्या ब्राउझरमध्ये, काम दूरच्या सर्व्हरवर. त्यातून सर्व्हर एक उत्तर देतो आणि विसरून जातो. पुढच्या क्लिकला तुम्ही कोण आणि मघाशी काय भरलं होतं, हे त्याला आपोआप आठवत नाही. नेक्स्टनं १९९६ मध्ये वेबऑब्जेक्ट्स आणलं. त्याच्या बिल्डरमध्ये युलोंच्या रेघेचा वारसा होता: माहितीच्या नावापासून पानावरच्या जागेपर्यंत ओढा, नातं जुळलं. मागचं लक्षात ठेवण्याचं काम ते टूल सांभाळी. किंमत मात्र सुरुवातीला पन्नास हजार डॉलरपर्यंत होती, नेक्स्ट विकत घेतलेल्या ॲपलनं २००० मध्ये ती ६९९ डॉलरवर आणली.

मायक्रोसॉफ्टनं २००२ मध्ये एएसपी डॉट नेटच्या वेब फॉर्म्समधून व्हिज्युअल बेसिकचा तोच अनुभव वेबवर आणला. बटण ठेवा, डबल क्लिक करा, तेच रिकामं घर. सर्व्हरच्या विसरभोळेपणावर उपाय म्हणून पानाच्या पोटात ‘व्ह्यू-स्टेट’ नावाचा एक लपलेला रकाना असे. फॉर्मवरच्या वस्तूंची आधीची अवस्था त्यात सांकेतिक अक्षरांत भरलेली. प्रत्येक क्लिकसरशी हे गाठोडं सर्व्हरकडे जायचं आणि नव्या पानाबरोबर परत यायचं. मोठा तक्ता असला की पानाचा स्रोत उघडल्यावर मजकुरापेक्षा ही अक्षरंच जास्त दिसत. कल्पना हुशारीची होती. पण जे अंतर खरोखर आहे ते नाहीच असं भासवण्याची किंमत संथ लाईनवर बसलेला वाचक मोजत होता आणि बांधणाऱ्याला त्याचा पत्ताही नसे.

म्हणूनच मला ड्रीमविव्हर जास्त जवळचं वाटतं. मॅक्रोमीडियानं १९९७ च्या डिसेंबरमध्ये आणलेल्या या टूलमध्ये पानाच्या दृश्य रूपासोबत कोडही पाहता येई. इकडे ओढा, तिकडे कोड बदलतो. तिकडे हातानं लिहा, इकडे चित्र बदलतं. आणि तुम्ही लिहिलेल्या कोडला ते शक्यतो धक्का लावत नसे. त्या काळात हे वचन दुर्मीळ होतं.

आजची बबल, आउटसिस्टम्स, मेंडिक्स ही साधनं डेटाबेसपासून लॉगिनपर्यंत सगळंच पडद्यावर मांडू देतात. अशा साधनांसाठी ‘लो-कोड’ हा शब्द २०१४ मध्ये फॉरेस्टर या अमेरिकी संस्थेनं रूढ केला, तोवर आउटसिस्टम्स आणि मेंडिक्सला बरीच वर्षं झाली होती. अशी साधनं नवख्यांना शिकवताना मी पहिलं काम एकच देतो. ब्राउझरमधला नेटवर्कचा भाग उघडा, आपणच ठेवलेलं बटण दाबा आणि कुठे काय गेलं, काय परत आलं ते वाचा. ही देवाणघेवाण एकदा पाहिली, की टूलनं आपल्या वतीनं काय केलं हे त्यांना कळतं आणि पुढच्या वेळी पान का रखडलं हे ते स्वतः शोधतात.

या कुळातल्या खुणाही सहज पुसल्या जात नाहीत. चार्ल्स फर्ग्युसन आणि रँडी फॉरगार्ड यांनी अमेरिकेत व्हर्मीर टेक्नॉलॉजीज ही कंपनी काढून फ्रंटपेज हे वेब पानं बांधायचं टूल बनवलं आणि जानेवारी १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी विकत घेतली. सर्व्हरवर फ्रंटपेज जी फोल्डरं तयार करी, त्यांच्या नावाच्या सुरुवातीला कंपनीची आद्याक्षरं असत: व्हीटीआय. फ्रंटपेज कधीच बंद झालं, फर्ग्युसन माहितीपट करू लागले आणि २०११ मध्ये ‘इन्साइड जॉब’साठी त्यांना ऑस्करही मिळालं. शेअरपॉइंटच्या वेब पत्त्यांत मात्र व्हीटीआय ही तीन अक्षरं अजून चालू आहेत.