क्रायसिस

संगणकाच्या ताकदीची कसोटी म्हणून गाजलेला व्हिडिओ गेम. फ्रँकफुर्ट (जर्मनी) येथील क्रायटेक कंपनीने तो विकसित केला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सने नोव्हेंबर २००७ मध्ये विंडोजसाठी प्रकाशित केला.

खेळ ज्या बेटावर घडतो, ते क्रायइंजिन २ या प्रणालीवर उभे केले आहे. पानांतून झिरपणारे ऊन, पाण्याच्या लाटा आणि गोळ्या लागताच मोडून पडणारी झाडे यांची गणिते प्रत्येक चौकटीसाठी (फ्रेम) नव्याने करावी लागतात. किमान गरज २५६ एमबी स्मृतीच्या ग्राफिक्स कार्डाची होती. ‘व्हेरी हाय’ या चित्रदर्जासाठी मात्र विंडोज व्हिस्टा आणि डायरेक्टएक्स १० अधिकृतपणे आवश्यक ठरवले होते. त्या दर्जावर मोठ्या पडद्यावर खेळताना ७६८ एमबीचे एनव्हिडिया जीफोर्स ८८०० जीटीएक्स हे महागडे कार्डही अडखळे. तरीही ऑक्टोबर २००७ मध्ये आलेले, तुलनेने स्वस्त ८८०० जीटी अनेकांनी याच खेळासाठी बसवले.

केवळ कार्ड बदलून प्रश्न पुरता सुटत नसे. प्रोसेसरच्या एकेका गाभ्याचा (कोर) वेग वाढत राहील, या अपेक्षेने खेळाची रचना झाली होती; प्रत्यक्षात गाभ्यांची संख्या वाढली. परिणामी नंतरच्या शक्तिशाली कार्डांवरही, विशेषतः गर्दीच्या प्रसंगांत, खेळ मंदावतो. ‘यावर क्रायसिस चालेल का?’ हा प्रश्न खेळाडूंत परवलीचा झाला. २०२० च्या सुधारित आवृत्तीत सर्वोच्च चित्रदर्जाला या प्रश्नाचेच नाव दिले आहे.