डाग पुसा, आजी पुसू नका

मागच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही वस्तीतल्या विहारात जुन्या फोटोंचे प्रदर्शन लावले. एका मुलाने आजीचा फोटो मोबाईलमधल्या ॲपने ‘एचडी’ करून आणला होता. चिरा गेल्या, बुरशी गेली. पण हनुवटीवरचे गोंदणही गेले, नाक सरळ झाले आणि रंग दोन छटा उजळला. आजीची धाकटी बहीण बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “ही कोण रं बाबा?”

हा प्रश्न आम्ही गंभीरपणे घेतो. कारण कॅमेऱ्याने आपल्याला ओळखायला नकार देण्याची ही पहिली वेळ नाही.

1868 ते 1875 या काळात ब्रिटिश सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड प्रसिद्ध केले. साडेचारशेहून अधिक फोटो, आणि बहुतेक फोटोंखाली माणसाच्या नावाऐवजी जात किंवा जमात. 1857 नंतर राज्यकर्त्यांना प्रजा ओळखून घ्यायची होती, माणसे नव्हे. आपल्याकडे कॅमेरा आला तो असा वरून, नमुना गोळा करणाऱ्याच्या हातात.

पुढे हे नाते आपल्या माणसांनी उलटे केले. पोरगा शाळेत गेला की फोटो, पलटणीत भरती झाला की फोटो, बौद्ध पद्धतीने लग्न लागले की फोटो. कोट कधी उसना असे, पण खिशाला पेन असे आणि नजर थेट समोर. 6 डिसेंबर 1956 नंतर बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण नामदेवराव व्हटकरांनी पदरमोड करून केले. आपला इतिहास आपणच जपायचा, ही जाणीव तेव्हाही होती. म्हणून भिंतीवरचा तो पिवळा पडलेला फोटो आम्ही दस्तऐवज मानतो. ज्यांच्या सातबारावर काही नव्हते, त्यांचा तोच उतारा.

आता यंत्राकडे पाहू. चेहरा ‘सुधारणारे’ सॉफ्टवेअर फोटोत नसलेली माहिती शोधून काढत नाही. ते अंदाजाने नवा चेहरा भरते. तो अंदाज येतो शिकवलेल्या चेहऱ्यांवरून. 2020 साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या ‘पल्स’ या प्रणालीला बराक ओबामांचा धूसर फोटो दिला गेला, तेव्हा बाहेर आला एक गोरा माणूस. जगप्रसिद्ध राष्ट्राध्यक्षाची ही गत, तर आपल्या आजीची काय? जुन्या फोटोंसाठी बरेच वापरले जाणारे ‘जीएफपीगॅन’ इंटरनेटवरून जमवलेल्या 70,000 चेहऱ्यांवर शिकले आहे. त्याच्या एका आवृत्तीत ओळख थोडी बदलते, हे निर्मात्यांनीच लिहून ठेवले आहे.

कोणी म्हणेल, स्टुडिओवालेही पेन्सिलने निगेटिव्ह सुधारत, हाताने रंग भरत. खरे आहे. पण तेव्हा आजी समोर बसलेली होती. ‘नको’ म्हणायला तिला तोंड होते. आज तिच्या वतीने बोलणारे आपणच आहोत.

मग सॉफ्टवेअर निवडायचे कसे? आमची कसोटी साधी आहे: काय बदलायचे हे ठरवणारा हात कोणाचा? ‘गिम्प’ मोफत आहे, 1996 पासून लोकांसाठी खुले आहे. त्यातल्या ‘हील’ आणि ‘क्लोन’ या साधनांनी एकेक चीर, एकेक डाग आपल्या हाताने बुजवता येतो. चेहऱ्याला हात न लावता पार्श्वभूमी स्वच्छ करता येते. वेळ लागतो, पण प्रत्येक बदल आपण केलेला असतो.

त्याआधी मूळ फोटो किमान 600 डीपीआयवर स्कॅन करून टिफ फाइलमध्ये ठेवा आणि त्या फाइलला हात लावू नका. काम नेहमी प्रतीवर करा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. तिथले नाव, तारीख, स्टुडिओचा शिक्का हा अर्धा इतिहास असतो. एआयने चेहरा उजळायचाच असेल तर ती प्रत वेगळी ठेवून नावातच ‘एआय’ लिहा.

रंग भरण्याबाबत तर जास्त सावध राहा. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात माणसे पांढरी वस्त्रे लेवून आली होती. ते पांढरे का, हे यंत्राला ठाऊक नाही; ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे. म्हणून सॉफ्टवेअर उघडण्याआधी त्यांच्याजवळ बसा, फोटोतल्या प्रत्येकाचे नाव विचारून लिहून घ्या. ज्या खंडांनी आपली नावे गाळून जात छापली, त्यांना हेच उत्तर आहे.

त्या मुलाने आजीचा मूळ फोटो पुन्हा स्कॅन केला आहे. चिरा बुजवल्या, गोंदण ठेवले. या वर्षी विहारात तोच लागेल, खाली तिचे पूर्ण नाव लिहून.

जय भीम!