नायकाची टांकसाळ

नाणे पाडणे म्हणजे सार्वभौमत्वाची द्वाही फिरवणे, हे समीकरण मराठी मनात रायगडामुळे पक्के बसले आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या होनावर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपती’ ही अक्षरे उमटली, ती त्यासाठीच. पण हीच मोजपट्टी चेन्नईला, म्हणजे तेव्हाच्या मद्रासला, लावली की हिशेब चुकतो. १६३९ मध्ये वांदिवाशच्या दामर्ला वेंकटाद्री नायकाने इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस डेला किनाऱ्यावर जागा दिली. त्या कौलात किल्ला आणि बंदराबरोबर टांकसाळही होती. दामर्ले राजे नव्हते. विजयनगरच्या उतरत्या गादीचे ते सरदार. बंदराच्या उत्पन्नात इंग्रजांना निम्मा वाटा मिळाला, टांकसाळीवर मात्र कसलाच कर नव्हता. नाणी पाडणाऱ्यांची नेहमीची मजुरी चुकवली की झाले. ज्याला राजचिन्ह मानायचे ते कोणी जकातीच्या बोलणीत इतक्या सहज सोडील काय? नायकाला वाहते बंदर हवे होते, इराणी घोडे हवे होते. जहाजातून उतरलेल्या सोन्याचे जागच्या जागी होन झाले, तर व्यापारी इथे टिकणार होता. त्याच्या लेखी टांकसाळ ही बंदराची सोय होती.

यावर कोणी म्हणेल, हा हक्क मुळात राजाचा. नायकाने दुसऱ्याची वस्तू दान केली. विजयनगरचा राजा श्रीरंग याने १६४५ मध्ये इंग्रजांना स्वतःचा कौल दिला, हे खरेच. पण तो आला सहा वर्षांनी, आणि तोवर इंग्रज इथे होते ते नायकाच्या शब्दावर. आपल्याकडेही पेशवाईत खासगी लोकांना सनदा देऊन टांकसाळी चालवू दिल्याच. दुसरा आक्षेप जड आहे: दामर्ल्यांचे नाव नाण्यावर नाही, मग हा त्यांचा अधिकार कसला? तर नाव इंग्रजांचेही नाही. पुढच्या काळातला ‘तीन स्वामी’ होन पाहावा. बोटाच्या पेराएवढे, साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेरचे सोने. पुढे दोन देवींसह उभा वेंकटेश्वर, मागे नुसती बारीक दाणेदार फुगीर बाजू. ही घडण विजयनगरची. सराफ ती ओळखत होता, म्हणून ती चालली, आणि किनाऱ्याचा धनी बदलला तरी चालत राहिली. श्रीरंगानंतर गोवळकोंडा आला, गोवळकोंड्यानंतर मोगल. १६९२ मध्ये इंग्रजांनी मोगली रुपये पाडायची परवानगी मिळवली. मग मद्रासला किनाऱ्यावरच्या व्यवहारासाठी विष्णूचा सोन्याचा होन आणि बंगालकडे पाठवायला औरंगजेबाच्या नावाचा चांदीचा रुपया, अशी दोन्ही नाणी पडू लागली. छाप कोणाचा, हे ठरवत होता तो बाजार.